मराठवाड्यातील इस्लामी पुनरुज्जीवन चळवळींतील अध्यात्म

मराठवाड्यातील इस्लामी पुनरुज्जीवन चळवळींतील अध्यात्म या विषयात, एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत दक्षिण आशियात उदयास आलेल्या आणि बीड, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), नांदेड व शेजारच्या जिल्ह्यांतील मुस्लिम समाजात रुजलेल्या धार्मिक चळवळींच्या आत्मशुद्धीविषयक भूमिकांचा तौलनिक विचार केला जातो. अहले सुन्नत (बरेलवी), देवबंदी परंपरा व तिच्यातून निर्माण झालेली तबलीगी जमात, जमात-ए-इस्लामी हिंद आणि अहले हदीस हे या प्रदेशातील चार प्रमुख प्रवाह होत. जमात-ए-इस्लामीचे संस्थापक सय्यद अबुल आला मौदूदी यांचा जन्म औरंगाबादेत झाला होता. त्यामुळे या विषयाच्या इतिहासात मराठवाड्याला विशेष स्थान आहे.

या चळवळींची विभागणी ‘सूफी’ आणि ‘सूफीविरोधी’ अशा दोन गटांत करण्याची पद्धत रूढ आहे. परंतु त्यांच्या संस्थापकांपैकी अनेक जण सूफी घराण्यांत किंवा सूफी गुरूंच्या सहवासात वाढले होते. मनाची शुद्धी आवश्यक आहे, याबद्दल या प्रवाहांत मतभेद नाही. ती कोणाच्या देखरेखीखाली, कोणत्या साधनांनी आणि कोणत्या हेतूने करावी, हा त्यांच्यातील वादाचा खरा विषय आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ असून तीत मुस्लिमांचे प्रमाण सुमारे १२ टक्के आहे.

## संज्ञा

या विषयाच्या चर्चेत पुढील संज्ञा वारंवार येतात.

- तज्किया: मनाची शुद्धी. कुरआनात प्रेषितांच्या कार्यांपैकी एक म्हणून तिचा उल्लेख येतो. ही संज्ञा सर्व प्रवाहांना मान्य आहे.
- एहसान: आपण ईश्वराला पाहत आहोत, निदान तो आपल्याला पाहत आहे, या जाणिवेने केलेली उपासना. ‘हदीस-ए-जिब्रील’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या हदीसमध्ये इस्लाम व ईमान यांनंतरची ही तिसरी पायरी सांगितली आहे.
- तसव्वुफ: सूफी साधनामार्ग. चिश्ती, कादिरी, सुहरावर्दी व नक्शबंदी हे त्याचे भारतातील प्रमुख सिलसिले (गुरुपरंपरा) होत.
- बैअत: पीराच्या (गुरूच्या) हातावर हात ठेवून घेतलेली शपथ. ती घेणाऱ्यास मुरीद म्हणतात.
- जिक्र: ईश्वराचे स्मरण. मराठी वाचकाला परिचित असलेल्या नामस्मरणाशी त्याचे बाह्य साम्य आहे.
- वसीला: ईश्वराकडे प्रार्थना करताना प्रेषित किंवा वली (संत) यांना माध्यम मानणे.
- बिदअत: धर्मात नंतर घुसलेली, मूळ आधार नसलेली प्रथा.
- तजदीद व इस्लाह: अनुक्रमे धर्माचे नूतनीकरण आणि सुधारणा.

## पार्श्वभूमी

### सूफी परंपरा

मराठवाड्यात सूफी परंपरेचा प्रसार चौदाव्या शतकापासून ठळकपणे दिसतो. दिल्लीचे निजामुद्दीन औलिया यांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब यांनी दौलताबाद परिसरात चिश्ती सिलसिल्याचा पाया घातला. इ.स. १३३७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या समाधीभोवतीची वस्ती पुढे खुलदाबाद म्हणून प्रसिद्धीस आली. औरंगाबादेतील पाणचक्कीचे ठिकाण हे नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांचे स्थान होय.

बीड शहरात पूर्वेकडील टेकडीवर शहेनशाह वली यांचा दर्गा आहे. ते चौदाव्या शतकातील सूफी मानले जातात. शहरातील दुसरा महत्त्वाचा दर्गा मन्सूर शाह यांचा आहे. अठराव्या शतकातील हे सुहरावर्दी परंपरेचे सूफी महादजी शिंदे यांचे गुरू होते, अशी परंपरा असून ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यात त्यांचे स्मरण आजही केले जाते.

सूफी आणि वारकरी परंपरांच्या सीमेवर शेख महंमद यांचे स्थान आहे. योगसंग्राम या मराठी ग्रंथाचे कर्ते असलेल्या या संतकवीचा मूळ संबंध आजच्या बीड जिल्ह्याशी जोडला जातो. त्यांची कर्मभूमी मात्र शेजारच्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील श्रीगोंदे ही होती.

या परंपरेतून दर्गाकेंद्रित असे लोकधर्माचे एक रूप तयार झाले. उरूस, संदलची मिरवणूक, चादर चढविणे, मलिद्याचा प्रसाद, नवस आणि नवसपूर्तीनिमित्त दिली जाणारी कंदुरी ही त्याची अंगे होत. कंदुरीचा नवस बोलणाऱ्यांत हिंदू कुटुंबेही असतात. दर्ग्याची व्यवस्था मुजावरांकडे आणि गादीचा वारसा सज्जादानशीनांकडे असतो.

### निजामी राजवट

१९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानाचा भाग होता. संस्थानातील धार्मिक शिक्षणाचे प्रमुख केंद्र असलेली जामिया निजामिया ही संस्था १८७६ मध्ये हैदराबाद येथे अन्वारुल्लाह फारुकी यांनी स्थापन केली. त्यांचा जन्म आजच्या नांदेड जिल्ह्यात झाला होता. ते निजामांचे शिक्षक होते व पुढे संस्थानाच्या धार्मिक खात्याची सूत्रेही त्यांच्याकडे आली. १९१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

अन्वारुल्लाह फारुकी यांना मक्केत स्थायिक झालेले सूफी हाजी इमदादुल्लाह मुहाजिर मक्की (१८१७–१८९९) यांच्याकडून अध्यात्माची अनुज्ञा मिळाली होती. देवबंदच्या दारुल उलूमचे (स्थापना १८६६) अध्वर्यू मुहम्मद कासिम नानौतवी व रशीद अहमद गंगोही हेही इमदादुल्लाह यांचेच मुरीद होते. मीलादची सभा आणि उरूस यांसारख्या प्रश्नांवर मात्र जामिया निजामिया आणि देवबंद यांच्या भूमिका भिन्न राहिल्या. शिष्यांमधील हे मतभेद कमी व्हावेत, या हेतूने इमदादुल्लाह यांनी सात वादग्रस्त प्रश्नांवर ‘फैसला-ए-हफ्त मसअला’ ही पुस्तिका लिहिली होती.

### १९४८ नंतरचा काळ

१७ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थानातील निजामाची सत्ता संपुष्टात आली. त्याआधी रझाकारांच्या अत्याचारांनी आणि त्यानंतर उसळलेल्या प्रतिहिंसेने मराठवाड्यातील समाजजीवन विस्कळीत झाले. प्रतिहिंसेची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीच्या अहवालात उस्मानाबाद (आताचे धाराशिव) व नांदेड यांचा समावेश सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत आहे. त्यात बीडचाही उल्लेख येतो.

१९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. उर्दूचे राजभाषेचे स्थान गेले आणि उलेमांना मिळणारा राजाश्रय संपला. दर्गे व मशिदींच्या जमिनी पुढे वक्फ मंडळाच्या देखरेखीखाली आल्या. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे मुख्यालय औरंगाबादेत आहे. राज्यसंस्थेचा आधार नाहीसा झालेल्या समाजाला धर्म टिकविण्याचे काम आता स्वयंसेवी प्रयत्नांवर सोपवावे लागले. वर्गणी, स्वखर्च आणि वैयक्तिक वेळ यांवर चालणाऱ्या चळवळींसाठी ही परिस्थिती अनुकूल ठरली.

## प्रमुख प्रवाह

### अहले सुन्नत (बरेलवी)

बरेली येथील अहमद रझा खान (१८५६–१९२१) यांच्या विचारांवर आधारलेल्या या प्रवाहाचा केंद्रबिंदू प्रेषितांविषयीचे उत्कट प्रेम (इश्क-ए-रसूल) हा आहे. मीलाद, उभे राहून म्हटला जाणारा सलाम, फातेहा, उरूस आणि वसीला यांना तो धर्मसंमत मानतो. बैअतीला येथे महत्त्व असून कादिरी सिलसिल्याचे प्राबल्य आहे.

दर्ग्यावरील सर्व लोकाचारांना या प्रवाहाचा पाठिंबा आहे, असा समज प्रचलित आहे. तो बरोबर नाही. अहमद रझा खान यांनी कबरीपुढे साष्टांग नमन करण्यास स्पष्ट विरोध केला. ताजिये, वाद्यांसह कव्वाली आणि स्त्रियांचे कबरीवर जाणे यांनाही त्यांची मान्यता नव्हती. त्यामुळे दर्ग्याचे समर्थन करणारा हा प्रवाहसुद्धा एका अर्थाने सुधारणावादीच ठरतो. महाराष्ट्रात मुंबईस्थित सुन्नी दावत-ए-इस्लामी ही संघटना इज्तिमा (मेळावे) व प्रशिक्षण यांद्वारे या विचारांचा प्रसार करते. तिची कार्यपद्धती अनेक बाबतींत तबलीगी जमातीसारखी आहे.

### देवबंदी परंपरा व तबलीगी जमात

देवबंदी परंपरेत शरियतचे काटेकोर पालन आणि तसव्वुफ यांची सांगड घातलेली आहे. बिदअत मानल्या गेलेल्या प्रथा वगळून पीर–मुरीद नाते तिने कायम ठेवले. अशरफ अली थानवी (१८६३–१९४३) यांनी पत्रव्यवहाराद्वारे मुरीदांच्या राग, मत्सर, अहंकार यांसारख्या दोषांवर एकेक करून उपाय सुचविण्याची पद्धत रूढ केली. औरंगाबादच्या जामा मशिदीतील काशिफुल उलूम हा मदरसा लखनौच्या नदवतुल उलमाशी संबंधित असून मराठवाड्यातील धार्मिक शिक्षणाचे ते एक महत्त्वाचे केंद्र आहे.

तबलीगी जमातीचा आरंभ मुहम्मद इलियास कांधलवी (१८८५–१९४४) यांनी १९२६–२७ च्या सुमारास मेवात भागात केला. ते स्वतः रशीद अहमद गंगोही व नंतर खलील अहमद सहारनपुरी यांचे मुरीद होते. मेवातच्या दौऱ्यांतील लोकसंपर्काचा मनावर होणारा परिणाम धुऊन काढण्यासाठी ते परतल्यावर एकांतात उपासना करीत असत.

खानकाहमध्ये मोजक्या मुरीदांना मिळणारे प्रशिक्षण सामान्य शेतकरी, कारागीर व दुकानदार यांना उपलब्ध करून देणे हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र होते. त्यासाठी कलमा, नमाज, इल्म व जिक्र, इकराम-ए-मुस्लिम (परस्परांचा आदर), इख्लास-ए-नीयत (हेतूची शुद्धता) आणि दावत (धर्माकडे बोलावणे) ही सहा सूत्रे ठरविण्यात आली. सहभागी व्यक्ती महिन्यातून तीन दिवस, वर्षातून चाळीस दिवस (चिल्ला) आणि आयुष्यात किमान एकदा चार महिने स्वखर्चाने प्रवास करते. मुक्काम मशिदीत असतो; स्वयंपाक, झाडलोट व सामान वाहणे ही कामे सर्व जण आळीपाळीने करतात. संध्याकाळी वस्तीत फिरून लोकांना मशिदीत येण्याचे आवाहन केले जाते. त्यास गश्त म्हणतात. राजकारण व मतभेदांच्या धार्मिक प्रश्नांवर चर्चा करणे टाळले जाते.

फेब्रुवारी २०१८ मध्ये औरंगाबादजवळील लिंबेजळगाव येथे जमातीचा तीन दिवसांचा मोठा इज्तिमा भरला. त्यात लाखो लोक सहभागी झाले. २०१५ नंतर निजामुद्दीन मरकजचे मौलाना साद यांचे नेतृत्व मानणारा गट आणि सामूहिक नेतृत्वाचा (आलमी शूरा) आग्रह धरणारा गट अशी जमातीत फूट पडली.

### जमात-ए-इस्लामी हिंद

सय्यद अबुल आला मौदूदी (२५ सप्टेंबर १९०३ – २२ सप्टेंबर १९७९) यांचे घराणे चिश्ती परंपरेतील होते. ‘मौदूदी’ हे आडनाव ख्वाजा कुतबुद्दीन मौदूद चिश्ती यांच्या नावावरून आले आहे. वडील अहमद हसन पेशाने वकील होते. पुढे त्यांचा कल सूफी वैराग्याकडे झाला. मौदूदींचे शिक्षण प्रथम घरी व नंतर औरंगाबादच्या मदरसा फौकानियामध्ये झाले. दिल्लीत पत्रकारिता केल्यानंतर १९२८ मध्ये ते हैदराबादेत परतले आणि तेथे तर्जुमानुल कुरआन या मासिकाचे संपादन त्यांनी हाती घेतले. १९३८ मध्ये ते पंजाबात गेले व २६ ऑगस्ट १९४१ रोजी लाहोर येथे जमात-ए-इस्लामीची स्थापना झाली. फाळणीनंतर १९४८ मध्ये भारतातील सदस्यांनी जमात-ए-इस्लामी हिंद ही स्वतंत्र संघटना उभारली.

मौदूदींच्या मते नमाज, रोजा, जकात व हज या उपासना म्हणजे संपूर्ण जीवन ईश्वराच्या आज्ञेत आणण्यासाठी दिलेले प्रशिक्षण होय. १९३८ मध्ये पठाणकोटजवळच्या ग्रामस्थांपुढे दिलेल्या व ‘खुतबात’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत ही मांडणी आढळते. तसव्वुफच्या मूळ हेतूला त्यांचा विरोध नव्हता. पण त्याची परिभाषा आणि पीर–मुरीद पद्धत यांनी मुस्लिमांना निष्क्रिय केले आहे, असे त्यांचे मत होते. पाण्यासारखी निर्दोष वस्तूही रुग्णाला अपाय करीत असेल तर वर्ज्य करावी लागते, त्याप्रमाणे या पद्धतीपासून दूर राहावे, असा युक्तिवाद त्यांनी ‘तजदीद व अहया-ए-दीन’ या पुस्तकात केला.

संघटनेत आत्मशुद्धीची जबाबदारी गुरूऐवजी शिस्तीवर आहे. साप्ताहिक बैठक, कुरआनचे विवेचन (दर्स), स्वतःच्या वर्तनाचा हिशेब (इहतिसाब) आणि कामाचा नियमित अहवाल ही तिची साधने होत. भारतीय संघटनेने काळाच्या ओघात मदतकार्य, बिनव्याजी पतपुरवठा, शिक्षण व आंतरधर्मीय संवाद यांवर भर दिला आहे.

### अहले हदीस

चार प्रस्थापित फिक्ह-परंपरांपैकी कोणत्याही एकीचे बंधनकारक अनुकरण न मानता थेट कुरआन व हदीसचा आधार घेणारा हा प्रवाह एकोणिसाव्या शतकात नजीर हुसैन देहलवी आणि भोपाळचे नवाब सिद्दीक हसन खान यांच्या काळात आकारास आला. १९०६ मध्ये त्याची अखिल भारतीय परिषद स्थापन झाली. वसीला, उरूस व कबरीवरील बांधकाम यांना त्याचा ठाम विरोध आहे. आत्मशुद्धीसाठी हदीसने सांगितलेले जिक्र, दुआ आणि उपासनेतील अचूकता पुरेशी आहे, असे तो मानतो. तथापि या प्रवाहाच्या आरंभकाळात अमृतसरचे अब्दुल्लाह गझनवी यांच्यासारखे आध्यात्मिक साधनेसाठी ख्यात असलेले उलेमाही होते.

## तौलनिक स्वरूप

| मुद्दा | अहले सुन्नत | तबलीगी जमात | जमात-ए-इस्लामी हिंद | अहले हदीस |
|---|---|---|---|---|
| देखरेख | पीर | प्रवासी गट व त्याचा अमीर | संघटना | ग्रंथ व आलिम |
| मुख्य स्थळ | दर्गा, मशीद, मीलादची सभा | मशीद व प्रवास | अभ्यासवर्ग व समाजकार्य | मशीद व मदरसा |
| मुख्य साधन | दरूद, सलाम, वसीला | गश्त, तालीम, जिक्र | कुरआन-अध्ययन, इहतिसाब | हदीसप्रणीत जिक्र व उपासना |
| उद्दिष्ट | प्रेषितप्रेम | ईमान दृढ करणे | समग्र जीवनात धर्माची स्थापना | मूळ आचाराकडे परतणे |
| दर्ग्याविषयी भूमिका | समर्थन, मर्यादांसह | मौन | टीका, पण दुय्यम विषय | विरोध |

### देखरेख

साधकाचा अहंकार त्याला स्वतःला दिसत नाही, म्हणून बाहेरची नजर हवी, हे तत्त्व पहिल्या तिन्ही प्रवाहांना मान्य आहे. पारंपरिक तसव्वुफमध्ये ही नजर पीराची असते. तबलीगी जमातीत ती सोबतच्या प्रवाशांची असते. श्रीमंत व्यापाऱ्याने हमालाबरोबर एका ताटात जेवणे आणि त्याने केलेली सूचना ऐकणे, हा तेथील साधनेचा भाग आहे. जमात-ए-इस्लामी हिंदमध्ये ही जागा बैठक व अहवाल यांनी घेतली आहे. अहले हदीस प्रवाहात व्यक्ती स्वतःला ग्रंथाच्या कसोटीवर तपासते.

प्रत्येक व्यवस्थेतील धोकाही वेगळा आहे. पीराची गादी वंशपरंपरागत झाली की साधनेऐवजी उत्पन्न महत्त्वाचे ठरते. प्रवासी गटात बाह्य दिनक्रमालाच सिद्धी मानले जाते. संघटनेत कार्यक्रमांची संख्या अंतर्मनाची जागा घेते आणि केवळ ग्रंथनिष्ठेत अचूकतेचा अभिमान वाढतो. या उणिवांची चर्चा त्या त्या प्रवाहांच्या अंतर्गत लेखनातही झालेली आहे.

### जिक्र

सूफी सिलसिल्यांत जिक्र मोठ्याने (जहरी) किंवा मनात (खफी) आणि पीराने नेमून दिलेल्या संख्येत केला जातो. तबलीगी जमातीत सकाळ-संध्याकाळ तिसरा कलमा, दरूद व इस्तिगफार (क्षमायाचना) यांची प्रत्येकी शंभर आवर्तने सर्वांसाठी समान ठेवली आहेत. जमात-ए-इस्लामीच्या साहित्यात जिक्राचा अर्थ व्यापक आहे. व्यवहारात ईश्वराच्या आज्ञेचे भान ठेवणे हेही स्मरणच मानले जाते. अहले हदीस संख्या व शब्द हदीसमध्ये आहेत तेवढेच स्वीकारतात.

### काळ

दर्गा परंपरेची कालगणना वार्षिक आहे. उरूस हे तिचे केंद्र. तबलीगी पद्धतीत दिवस, महिना, वर्ष व आयुष्य यांचे हप्ते पाडले आहेत. शेतीचा हंगाम किंवा दुकान सांभाळून तीन दिवस देता येतात, हे तिच्या ग्रामीण प्रसाराचे एक कारण होय. जमात-ए-इस्लामीची घडी साप्ताहिक बैठकीभोवती बांधलेली आहे.

### दर्गा आणि सामायिक लोकाचार

दर्गा हा मराठवाड्यातील हिंदू व मुस्लिम यांच्या एकत्र येण्याचे एक ठिकाण आहे. वसीला व नवस यांवरील टीकेचा परिणाम म्हणून सुधारणावादी कुटुंबे उरूस व कंदुरीपासून दूर जातात. त्यामुळे गावातील सामायिक श्रद्धेचा एक धागा क्षीण होतो, असे एक मत आहे. याउलट, नवसासाठी होणारे कर्ज व खर्च, गंडेदोरे आणि अंगात येणे यांपासून सुटका करणारी सुधारणा म्हणून या टीकेकडे पाहणारेही आहेत. प्रत्यक्षात एकाच कुटुंबात दर्ग्यावर फातेहा देणारी, चिल्ल्यावर जाणारी आणि कुरआनच्या अभ्यासवर्गाला जाणारी माणसे एकत्र नांदताना दिसतात. विवाह व अंत्यविधींच्या प्रसंगी मात्र फातेहा, चाळिसावा यांसारख्या प्रथांवरून कुटुंबांत तणाव निर्माण होतो.

## चळवळींमधील वाद

अध्यात्माच्या प्रश्नावरील सर्वांत महत्त्वाची चर्चा जमात-ए-इस्लामीच्या संदर्भात झाली. १९३९ मध्ये मौदूदींनी मेवातला भेट देऊन मुहम्मद इलियास यांच्या कार्याविषयी कौतुकाने लिहिले होते. पुढे मात्र दोन्ही मार्ग वेगळे झाले. जमातीच्या आरंभीच्या सदस्यांपैकी अबुल हसन अली नदवी आणि मंजूर नोमानी हे लवकरच तिच्यातून बाहेर पडून तबलीगी कार्याकडे वळले. मौदूदींच्या मांडणीत ईश्वर व मनुष्य यांचे नाते शासक व प्रजा यांच्या नात्याइतके संकुचित होते आणि प्रेम, आर्तता व शरणभाव मागे पडतो, असा नदवींचा आक्षेप होता. ‘तसव्वुफ’ या शब्दावरून भांडण्यापेक्षा ‘तज्किया’ व ‘एहसान’ या सर्वमान्य संज्ञा वापराव्यात, असेही त्यांनी सुचविले.

वहीदुद्दीन खान यांनी १९६३ मध्ये ‘ताबीर की गलती’ या पुस्तकात याच दिशेने टीका केली. धर्माचा गाभा ईश्वराशी असलेले व्यक्तिगत नाते हा असून समाजव्यवस्था हे त्याचे फलित आहे. मौदूदींनी हा क्रम उलटा केला, असे त्यांचे म्हणणे होते. जमातीच्या बाजूने असे उत्तर दिले जाते की, अन्याय्य व्यवस्थेकडे दुर्लक्ष करून केलेली आत्मशुद्धी अपुरी आहे. जमातीतील विद्वान अमीन अहसन इस्लाही यांनी ‘तज्किया-ए-नफ्स’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. पुढे तेही जमातीतून बाहेर पडले.

## स्त्रियांचा सहभाग

दर्गा हे परंपरेने स्त्रियांना सहज उपलब्ध असलेले धर्मस्थळ होते. नवस, मनोरुग्णांची सेवा आणि कौटुंबिक दुःखांचे निवेदन यांसाठी सर्व धर्मांच्या स्त्रिया तेथे जात. सुधारणावादी प्रवाहांनी यावर निर्बंध सुचविले. त्याबदल्यात त्यांनी स्त्रियांना वाचन व अध्ययनाची संधी दिली. तबलीगी जमातीत घरातील दैनिक तालीम आणि पती किंवा निकटच्या पुरुष नातलगासह निघणाऱ्या मस्तुरात जमाती आहेत. जमात-ए-इस्लामी हिंदमध्ये स्त्रियांचे स्वतंत्र विभाग असून स्त्रिया स्वतः दर्स देतात.

दर्ग्यातील स्त्रियांच्या प्रवेशाचा प्रश्न मुंबईतील हाजी अली दर्ग्याच्या निमित्ताने न्यायालयात गेला. २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मजारीपर्यंत जाण्यावरील बंदी घटनाबाह्य ठरविली.

## भाषा

मराठवाड्यातील मुस्लिमांची घरगुती भाषा मुख्यतः दखनी उर्दू आहे. तबलीगी व अहले सुन्नत प्रवाहांचे कार्य प्रामुख्याने उर्दूतून चालते. जमात-ए-इस्लामी हिंदशी संबंधित इस्लामिक मराठी पब्लिकेशन्स ट्रस्ट आणि शोधन हे साप्ताहिक यांनी कुरआन, प्रेषितचरित्र व इस्लामी विचार मराठीत आणले. मराठी माध्यमात शिकलेल्या मुस्लिम तरुणांना आणि बिगरमुस्लिम वाचकांना हे साहित्य उपलब्ध झाले. या साहित्यात तज्किया व इबादत यांसाठी आत्मशुद्धी, उपासना, ईशभय यांसारखे शब्द योजले जातात.

## जागतिक संदर्भ

सूफी संस्कारांतून पुनरुज्जीवनाकडे झालेला हा प्रवास दक्षिण आशियापुरता मर्यादित नाही. इजिप्तमध्ये १९२८ साली मुस्लिम ब्रदरहुडची स्थापना करणारे हसन अल-बन्ना (१९०६–१९४९) तरुणपणी हसाफिया या शाजिली उपशाखेत दीक्षित होते व दैनंदिन जिक्राचा पाठ त्यांनी संघटनेत कायम ठेवला. तुर्कस्तानात सईद नूरसी (मृत्यू १९६०) यांनी सूफी सिलसिल्यांवर बंदी असलेल्या काळात ‘रिसाले-ए-नूर’ या लेखनाचे सामूहिक वाचन हेच साधनेचे माध्यम बनविले. गुरूच्या जागी ग्रंथ, गट किंवा संघटना येणे हे या सर्व उदाहरणांतील समान सूत्र आहे.

## टीका व अभ्यास

हमीद दलवाई यांनी २२ मार्च १९७० रोजी पुणे येथे स्थापन केलेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाने धर्मग्रंथांच्या अधिकारापेक्षा विवेक व नागरी समता यांवर आधारित सुधारणेचा आग्रह धरला. त्या दृष्टीने पुनरुज्जीवनवादी चळवळी स्त्री-पुरुष समतेच्या प्रश्नावर अपुऱ्या ठरतात. सूफी परंपरेचे समर्थक या चळवळींवर रुक्षतेचा आरोप करतात.

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमुळे तबलीगी जमात देशभर चर्चेत आली. अहमदनगर जिल्ह्यात परदेशी सदस्यांवर दाखल झालेले गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनविण्यात आल्याचे मत नोंदविले.

मराठीत सेतुमाधवराव पगडी यांचे सूफी संप्रदायावरील लेखन आणि रा. चिं. ढेरे यांचा ‘मुसलमान मराठी संतकवी’ हा ग्रंथ या प्रदेशाच्या पूर्वपरंपरेचे आकलन करून देतात. खुलदाबादच्या चिश्ती परंपरेवर कार्ल अर्न्स्ट आणि औरंगाबादच्या सूफींवर नाईल ग्रीन यांनी संशोधन केले आहे.

## हेही पाहा

- बीड जिल्हा
- खुलदाबाद
- शेख महंमद
- अबुल आला मौदूदी
- तबलीगी जमात
- हैदराबाद मुक्तिसंग्राम
- मुस्लिम सत्यशोधक मंडळ